अवकाशात पाय नव्हे, हात चालतात

शुक्रवार, २८ एप्रिल २०२३. रमजान ईद होऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. आपल्याकडे मगरिबची अजान व्हायला थोडाच वेळ होता, म्हणजे पावणेसातचा सुमार असेल. त्या वेळी जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा दरवाजा उघडून दोन माणसं बाहेर पडली. एक होते अमेरिकेचे स्टीफन बोवेन. त्यांची ही आठवी खेप होती. दुसरे संयुक्त अरब अमिरातीचे सुलतान अल-नेयादी. ते पहिल्यांदाच बाहेर पडत होते. स्थानकाबाहेर जाऊन काम करणारे ते पहिले अरब. कोल्हापूर आणि खाली कोकणातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा किंवा भाऊ दुबई-अबुधाबीला असतो. त्यामुळे ही बातमी आपल्याकडे परकी वाटली नाही.

दोघे ७ तास १ मिनिट बाहेर होते. आत परतले तेव्हा आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन वाजायला आले होते. कामं दोन होती. नव्या सौर पंख्यांसाठी वीजतारा ओढायच्या होत्या, आणि रेडिओ संपर्काच्या यंत्रणेतली एक जुनी पेटी काढून आत आणायची होती. तारा ओढून झाल्या. पेटी मात्र जागची निघाली नाही.

बातम्यांमध्ये 'पहिला अरब' एवढंच मोठ्या अक्षरांत आलं आणि ते योग्यच होतं. मला मात्र त्या पेटीचं कुतूहल वाटलं. दोन तरबेज माणसं, हातात बॅटरीवर चालणारं यंत्र, मागे शेकडो इंजिनिअर सल्ला द्यायला, आणि तरी एक पेटी निघत नाही? ती पेटी अखेर निघायला पुढे एकवीस महिने लागले. ते का, हे समजून घेतलं म्हणजे अवकाशात माणूस वावरतो कसा, हेही कळतं.

याला म्हणतात 'स्पेसवॉक'. मराठी पुस्तकांत 'अवकाशचाल' असा शब्द आहे. दोन्ही शब्द थोडे फसवे आहेत, कारण तिथे चालणं हा प्रकारच नाही. पाय टेकायला जमीन नाही, आणि असती तरी वजन नसल्यामुळे पाय टेकला नसता. माणूस स्थानकाच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या दांड्या धरून, एका हातामागून दुसरा हात टाकत पुढे सरकतो. पाय मागून नुसते येतात.

मुलांना मी हे समजवायला गेले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग पोहत जायचं." राधानगरीची पोरं भोगावतीच्या पाण्यात वाढलेली, त्यामुळे हे उत्तर येणारच होतं. पण पोहताना आपण पाणी मागे ढकलतो म्हणून पुढे जातो. अवकाशात ढकलायला काहीच नाही. हातपाय कितीही मारले तरी माणूस तिथल्या तिथेच वळवळत राहील. दांडी एका वीतभर अंतरावर असली आणि हात पोचत नसला, तर ती कोसभर लांब असल्यासारखीच आहे.

दुसरी अडचण याहून वाईट. आमच्या शाळेच्या ऑफिसात एक फिरती खुर्ची आहे. मुलांना तिच्यावर बसवून, पाय वर घ्यायला लावून, समोरच्या टेबलाचा घट्ट स्क्रू काढायला सांगितलं. स्क्रू हलला नाही, खुर्ची फिरली. न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेली मुलंसुद्धा खो खो हसली. जमिनीवर आपण पाना फिरवतो तेव्हा आपले पाय जमिनीला घट्ट रेटा देत असतात, हे आपल्या लक्षातही येत नाही. अवकाशात तो रेटा नाही. बोल्ट घट्ट असेल तर माणूसच फिरतो.

हे शहाणपण सुरुवातीला कोणाकडेच नव्हतं. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत रशियाचे अलेक्सेई लिओनोव्ह जगात सर्वप्रथम यानाबाहेर आले, सुमारे बारा मिनिटं. बाहेर हवेचा दाब नसल्यामुळे त्यांचा पोशाख फुग्यासारखा फुगला. हातमोज्यांतून बोटं मागे सरकली. परत आत शिरता येईना, तेव्हा त्यांनी जिवावर उदार होऊन पोशाखातली थोडी हवा सोडून दिली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेचे एड व्हाइट बाहेर पडले. त्यांच्या हातात वायूचा झोत सोडणारी एक छोटी बंदूक होती. झोत एका बाजूला सोडला की माणूस दुसऱ्या बाजूला जातो. युक्ती चांगली होती, पण काही मिनिटांतच बंदुकीतला वायू संपला.

खरा धडा मिळाला ५ जून १९६६ रोजी, युजीन सर्नन यांच्या वेळी. यानाच्या मागच्या बाजूला जाऊन, तिथे ठेवलेलं एक उडतं यंत्र पाठीवर चढवायचं असं ठरलं होतं. पण यानाच्या अंगाला धरायला पुरेशा दांड्याच नव्हत्या, आणि पाय अडकवण्याची सोयही धड नव्हती. प्रत्येक हालचालीला शरीर भलतीकडेच जायचं आणि ते आवरण्यातच ताकद खर्च व्हायची. नाडीचे ठोके १८० च्या घरात गेले. घामाने हेल्मेटची काच आतून धुरकट झाली आणि समोरचं दिसेनासं झालं. दोन तासांनी ते कसेबसे आत परतले. ते यंत्र तसंच राहिलं. सर्नन नौदलाचे वैमानिक होते, धडधाकट होते. पुढे ते चंद्रावरही जाऊन आले. कमी पडली ती धरायची जागा.

पाच महिन्यांनी, नोव्हेंबर १९६६ मध्ये, बझ ऑल्ड्रिन यांनी हीच कामं सहज करून दाखवली. तीन वेळा मिळून साडेपाच तास. फरक काय होता? यानाला जास्त दांड्या लावल्या होत्या. पाय घट्ट बसतील असे चपलांसारखे खोबणे होते. कमरेला दोन्ही बाजूंनी छोटे पट्टे होते, जे अडकवले की दोन्ही हात कामाला मोकळे. आणि सराव पाण्याखाली झाला होता. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराजवळच्या एका शाळेच्या पोहण्याच्या तलावात! शिक्षिका म्हणून मला हा तपशील फार आवडतो.

तेव्हापासून आजपर्यंत मूळ पद्धत तीच आहे. ह्यूस्टनला आता त्यासाठी ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल असा प्रचंड हौद आहे. स्थानकाची खऱ्या मापाची प्रतिकृती त्यात बुडवलेली आहे. पोशाखाला वजनं आणि तरंगते ठोकळे असे बांधतात की माणूस वरही येत नाही आणि बुडतही नाही. अल-नेयादी यांनी या हौदात ५५ तासांहून अधिक सराव केला होता. ते सगळे तास त्या एका रात्रीसाठी.

आता दोरीबद्दल. पावसाळ्यात आमच्याकडे झाड तारेवर पडलं नाही असा आठवडा जात नाही. वायरमन भर पावसात पोलवर चढतो, कमरेचा पट्टा पोलाभोवती टाकतो आणि मग दोन्ही हात सोडून काम करतो. खाली उभ्या असलेल्या आपल्याला भीती वाटते, त्याला पट्ट्याचा भरवसा असतो. अवकाशवीराचंही तसंच. दरवाजातून बाहेर पडताना तो पोलादी बारीक दोराने स्थानकाला बांधलेला असतो. हा दोर सुमारे २६ मीटर लांब असतो आणि एका चकरीवर गुंडाळलेला असतो. माणूस पुढे जाईल तसा सुटत जातो, मागे येईल तसा स्प्रिंगने आपोआप गुंडाळला जातो. शिवाय कमरेला आखूड पट्टे, त्यांच्या टोकाला हुक. हुक चुकून धक्का लागून उघडू नये म्हणून त्यांना जास्तीची कुलपं असतात. जागा बदलताना नियम एकच: नवा हुक अडकला, कुलूप पडलं, ओढून पाहिलं, की मगच जुना सोडायचा. रशियन पोशाखावर तर असे दोन हुक आलटून पालटून लावत पुढे जातात. मध्य आशियातल्या कझाकस्तानचे तलगत मुसाबायेव १९९४ आणि १९९८ मध्ये मीर स्थानकाबाहेर असेच वावरले होते.

हा दोर नुसता अडकवण्यापुरता नाही. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचे लुका पार्मितानो बाहेर काम करत असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये पाणी साचू लागलं. पोशाखाला थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला होता. वजन नसलेलं पाणी खाली पडत नाही, चिकटून राहतं. ते आधी डोक्यामागे, मग कानांत, डोळ्यांवर, शेवटी नाकापर्यंत आलं. त्यातच स्थानक पृथ्वीच्या सावलीत गेलं, अंधार झाला. दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, श्वास फक्त तोंडाने. मोकळ्या अवकाशात पाण्याने गुदमरायची पाळी! तेव्हा त्यांना कमरेच्या दोराची ती हलकी ओढ आठवली. चकरी दोर मागे ओढत असते, म्हणजे ओढ ज्या बाजूला आहे त्या बाजूला दरवाजा. त्या ओढीच्या आधाराने, दांड्या चाचपत ते परत आले. हेल्मेटमधून सुमारे दीड लिटर पाणी निघालं. आता प्रत्येक हेल्मेटमध्ये पाणी शोषणारं पॅड आणि श्वासासाठी एक नळी असते.

आणि दोर तुटलाच तर? त्यासाठी पाठीवर 'सेफर' नावाचं छोटं यंत्र असतं. चोवीस बारीक तोट्यांतून नायट्रोजनचे झोत सोडून वाहून चाललेल्या माणसाला परत येता यावं, इतकाच वायू त्यात असतो. त्याची चाचणी सप्टेंबर १९९४ मध्ये झाली. खऱ्या संकटात ते वापरायची वेळ आजवर आलेली नाही, अल्हमदुलिल्लाह. तुम्ही कदाचित तो प्रसिद्ध फोटो पाहिला असेल, काळ्याभोर अवकाशात एकटाच तरंगणारा पांढरा माणूस. ते ब्रूस मॅककँडलेस, ७ फेब्रुवारी १९८४, दोराशिवाय यानापासून जवळजवळ शंभर मीटर लांब. पाठीवर खुर्चीएवढं मोठं उडतं यंत्र होतं. फोटो भव्य आहे, पण ते यंत्र त्या एका वर्षानंतर वापरलंच गेलं नाही. रोजच्या कामाला दांडी आणि हुक जास्त उपयोगी पडले.

लांबच्या जागी जायचं असेल तर स्थानकाचा १७.६ मीटर लांबीचा यांत्रिक हात, कॅनडार्म-२, माणसाला टोकावर उभा करून उचलून नेतो. स्थानकाच्या लांबलचक सांगाड्यावर रूळ आहेत आणि रुळांवर दोन हातगाड्या. त्यांना ब्रेक असतो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये एका गाडीच्या ब्रेकमुळे रुळावरचं मोठं वाहन अडकून पडलं, तेव्हा दोन माणसांना मुद्दाम बाहेर जाऊन तो ब्रेक सोडवावा लागला. हातगाडीचा ब्रेक सोडवायला अवकाशवीर!

ठरलेल्या जागी पोचल्यावर पाय अडकवायची पट्टी खोबणीत बसवतात, टाचा वळवून बूट घट्ट करतात, आणि मग कुठे माणूस 'उभा' राहतो. उभं राहण्याची गोष्ट निघाली की आपल्या घरांत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग नमाज कशी पढायची? स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं, म्हणजे दर पंचेचाळीस मिनिटांनी सूर्योदय नाहीतर सूर्यास्त. २००७ मध्ये रमजान चालू असतानाच मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर स्थानकावर जायचे होते. त्याआधी तिथल्या राष्ट्रीय फतवा परिषदेने एक मार्गदर्शिकाच काढली. नमाजच्या वेळा ज्या ठिकाणाहून यान सुटलं तिथल्या धराव्यात. किब्ला शक्य असेल तर काबेच्या दिशेने, नाहीतर पृथ्वीच्या दिशेने, तेही जमत नसेल तर जमेल तसा. उभं राहता आलं नाही तर बसून, तेही नाही तर पडून, इशाऱ्याने. आजारी माणसाला जी सवलत आहे तीच. अल-नेयादी रमजानमध्ये स्थानकावर होते. जाण्यापूर्वीच त्यांनी सांगितलं होतं की आपण मुसाफिर आहोत आणि मुसाफिराला रोज्याची सक्ती नाही.

पुन्हा त्या पेटीकडे. पाय घट्ट झाले तरी हात उरतात, आणि हातमोजे ही या सगळ्यातली सर्वांत त्रासदायक वस्तू आहे. पोशाखात पृथ्वीवरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश दाबाचा शुद्ध प्राणवायू भरलेला असतो. बाहेर पोकळी. त्यामुळे मोजा सतत उघडा राहू पाहतो. प्रत्येक वेळी मूठ वळणं म्हणजे टणक चेंडू दाबणं. सात तास. काहींची नखं काळीनिळी होतात, निघूनही येतात. मोज्याला बारीकशी चीर पडली तरी काम तिथेच थांबतं. ऑगस्ट २००७ मध्ये रिक मॅस्ट्राकिओ यांना डाव्या अंगठ्यावर छिद्र दिसलं आणि त्यांना लगेच आत बोलावलं होतं.

वर्गात मी मुलींना लोकरी मोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे घालायला लावले आणि बादलीतल्या पाण्यात नट-बोल्ट जोडायला सांगितलं. बराच वेळ बोल्ट बुडाशी पडत राहिले. एक मुलगी कुरकुरली की मोजे मोठे आहेत, बोटांच्या टोकाला नुसती रबरच. तिची तक्रार रास्त होती, आणि ती नासालाही लागू पडते. मार्च २०१९ मध्ये दोन महिला मिळून पहिल्यांदाच बाहेर पडणार होत्या. पण दोघींना मध्यम मापाचा धड हवा होता आणि तयार होता एकच. बेत बदलावा लागला. क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मायर यांना ती संधी त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला मिळाली. ज्यांच्या मापाने वस्तू बनते त्यांनाच ती नीट बसते, हे आपल्या शिवणकाम करणाऱ्या भगिनींना वेगळं सांगायला नको.

बोल्ट काढायला अवकाशवीरांकडे पिस्तुलासारखं धरायचं बॅटरीचं यंत्र असतं. ते १९९७ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी प्रथम वापरलं गेलं. कोणत्या बोल्टला किती जोर, किती वेग आणि किती फेरे, हे सगळं आधी ठरवून त्यावर लावता येतं. जास्त जोर दिला तर बोल्टचं डोकं जाईल. मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला हे वाचून दाखवा. टॉर्क पाना त्याला ठाऊक असतो. इंजिनच्या हेडचे बोल्ट अंदाजाने आवळले तर काय होतं, हेही तो सांगेल. शाळेत मागे पडलेला म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, त्याच्या हातात अवकाशवीराच्या कामाचा अर्धा अभ्यासक्रम असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर, पेटीचा दुसरा प्रयत्न १ नोव्हेंबर २०२३ रोजी ठरला. इराणी आईवडिलांची मुलगी जास्मिन मोघबेली आणि लोरल ओहारा बाहेर पडल्या. त्यांच्या यादीत आधी सौर पंखे फिरवणाऱ्या सांध्याचं काम होतं. ते झालं, पण तोवर वेळ संपत आला. पेटीचं आच्छादन उचलून त्यांनी नीट पाहणी तेवढी केली. त्याच खेपेत हत्यारांची एक पिशवी नकळत सुटली आणि वाहून गेली. पुढे काही दिवस ती पृथ्वीवरून दुर्बिणीतून दिसत होती. तिथे हत्याराला हत्यार, पिशवीला पिशवी, सगळं दोरीने बांधलेलं असतं. एक गाठ राहिली की वस्तू पृथ्वीची प्रदक्षिणा घालू लागते.

तिसऱ्यांदा जून २०२४. १३ तारखेला एकाला पोशाखाचा त्रास झाला म्हणून बेत रद्द. २४ तारखेला ट्रेसी डायसन आणि माइक बॅरेट यांनी दरवाजा उघडला आणि डायसन यांच्या पोशाखाला जोडलेल्या नळीच्या तोंडातून पाणी उडू लागलं. एकतीस मिनिटांत काम थांबवलं. पार्मितानो यांच्या अनुभवानंतर पाण्याच्या बाबतीत कोणी धाडस करत नाही, आणि करूही नये.

अखेर ३० जानेवारी २०२५. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर. आठ दिवसांसाठी गेलेले हे दोघे, यानातल्या बिघाडामुळे तेव्हा आठवा महिना स्थानकावर काढत होते. त्यांनी ती पेटी सोडवली. बाहेरचा वेळ ५ तास २६ मिनिटं. त्या दिवशी सुनीता यांचा बाहेर काम केल्याचा एकूण वेळ ६२ तास ६ मिनिटं झाला. महिलांमध्ये हा विक्रम आहे. त्यांचे वडील गुजरातचे, म्हणून आपण त्यांना आपल्या मानतो. पण भारताच्या नागरिकाने अजून असं बाहेर पडून काम केलेलं नाही. शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये स्थानकावर अठरा दिवस राहून आले, ते आतच होते. इस्रोने मात्र ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर एक यांत्रिक हात बसवून पाहिला. तो अळीसारखा एक टोक रोवून दुसरं उचलत पुढे सरकतो. इथेही तेच: एक पकड पक्की झाल्याशिवाय दुसरी सुटत नाही. २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं स्थानक उभारायचं ठरलं आहे. त्याच्याही अंगाला दांड्या लागतील आणि त्या कोणीतरी घडवाव्या लागतील. ओतकाम आणि यंत्रकाम हा कोल्हापूरचा जुना धंदा आहे.

पाऊस उघडला की आपल्या भागात आकाश स्वच्छ असतं, आणि राधानगरीच्या पुढे दाजीपूरकडे दिवेही कमी. मगरिबनंतर तासाभरात, किंवा फजरच्या आधी, एखादा ठळक ठिपका न लुकलुकता साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसला, तर ते स्थानक असू शकतं. विमानाचे दिवे उघडमीट करतात, याचा उजेड स्थिर असतो. चार-पाच मिनिटांत ते निघून जातं, किंवा मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझल्यासारखं दिसतं. कोणत्या दिवशी किती वाजता दिसेल हे नासा आधी जाहीर करते, मोबाईलवर पाहता येतं. मुलांना गच्चीवर घेऊन जा.